बाहुल्याची आतडी

युक-पिंगच्या जिभेला हाड नाही, हे वोंग ताय सिनच्या मंडईत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बावीस वर्षं तिने तिथे भाजीचा गाळा चालवला. गिऱ्हाइकाने "पाला ताजा आहे ना गं?" असं विचारलं, की ही बाई "कालचा आहे, पाणी मारलंय" असं सांगून मोकळी व्हायची. लोक हसायचे आणि तिच्याकडूनच घ्यायचे. पुढे मंडई दुरुस्तीसाठी बंद झाली, गाळा गेला. नवरा म्हणाला, बस आता घरी. पण घरी बसेल ती युक-पिंग कसली! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ती लग्नातली पाठराखीण व्हायला निघाली.

आता पाठराखीण होणं म्हणजे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. हाँगकाँगात लग्न कितीही नव्या वळणाचं असो, सकाळी सहापासून नवरीच्या मागे एक काळ्या कपड्यांतली, केसात लाल फूल खोवलेली बाई उभी असतेच. नवरीला नटवायचं, नवरदेवाला दारातून आत घ्यायचं, मग चहाच्या वेळी थोरामोठ्यांना एकामागून एक खुर्चीत बसवायचं, प्रत्येकाला नात्याने पुकारायचं आणि तो घोट घेत असताना त्याला शोभेलसा एक शुभ बोल बोलायचा. शेवटी लाल छत्रीखालून नवरीला घराबाहेर काढायची. सगळं पोट तोंडावर चालतं. चुकीच्या माणसापुढे चुकीचा बोल गेला, की लग्नाचं वर्षश्राद्ध होईपर्यंत लोक शिव्या घालतात.

ही विद्या तिला शिकवली साम-गूने. साम-गू सत्तरीची, चाळीस वर्षं पाठराखीण. ती युक-पिंगकडूनच भाजी घ्यायची. तिने एकदा गाळ्यापुढे उभं राहून सांगितलं होतं, "तुझा आवाज चांगला आहे. तोंडाचं काय करायचं ते बघू."

तोंडाचं काही झालं नाही. तिसऱ्याच लग्नात, त्वेन मूनला, युक-पिंगने खणखणीत आवाजात पुकारलं, "नवरदेवाची सावत्र आई, या, बसा!" शंभर टक्के खरं होतं. पण ती बाई तेवीस वर्षं त्या घरात 'आई' म्हणूनच नांदत होती. ती खुर्चीपर्यंत आली, बसली, चहाला ओठसुद्धा लावला नाही, आणि सगळ्या खोलीत अशी शांतता पसरली की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

परतताना बसमध्ये साम-गू म्हणाली, "बाहुलं रंगवावं, आतडी रंगवू नयेत. ऐकलंयस ना कधी?"

"ऐकलंय की. आमची आजी म्हणायची."

"मग ऐकून काय उपटलंस?"

युक-पिंगला ते फार लागलं. चित्रात बाहुलं काढावं, त्याच्या पोटातलं दाखवू नये: आजी ही म्हण घरात पोरांना गप्प करायला वापरायची. चारचौघांत कोणी नको ते विचारलं, की आजी डोळे वटारायची आणि बाहुल्याची आतडी काढायची. तेव्हा युक-पिंगने अर्थ लावला तो एवढाच, की गप्प बसावं. पुढच्या दोन लग्नांत ती मिठाची गुळणी धरून उभी राहिली. कोणाला पुकारणं नाही, शुभ बोल नाही, फक्त चहाची ताटली पुढे.

साम-गू आणखीनच भडकली. "अगं, मुकी पाठराखीण कोणाला हवीय? त्यापेक्षा खांब आणून उभा करतील! म्हण पुन्हा म्हण बघू."

"बाहुलं रंगवावं, आतडी रंगवू नयेत."

"हं. पहिला शब्द कुठला?"

"बाहुलं."

"दुसरा?"

"रंगवावं."

"तो दुसरा शब्द तुम्ही सगळे गिळता," साम-गू म्हणाली. "जा आता, डोकं खाऊ नकोस."

यावर युक-पिंगने बराच विचार केला, पण हाताला काही लागलं नाही. आणि तेवढ्यात साम-गू मासळीवाल्यापुढच्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा घोटा मोडला. रविवारी चोय हुंग वसाहतीत औ कुटुंबाच्या मुलीचं लग्न होतं. दुसरी पाठराखीण मिळेना. प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर टाकून साम-गूने लाल छत्री, चहाचे कप आणि गुडघे टेकायच्या दोन साटिनच्या उशा युक-पिंगच्या हवाली केल्या.

"साधं घर आहे. आई, बाप, एक आत्या, एक मावशी, दोन काका. यादी लिहून दिलीय. आई-बापापुढे उशा घालायच्या, त्यांचं झालं की उचलायच्या. बाकीच्यांना उभ्याने चहा. आणि हे बघ, त्वेन मूनसारखं काही केलंस तर परत माझ्या दारात येऊ नकोस."

युक-पिंग म्हणाली, "नाही करणार." घरी जाऊन तिने पंचांग तोंडपाठ केलं, शुभ बोल आरशापुढे घोकले आणि नवऱ्याला सासरा समजून सात वेळा चहा पाजला.

रविवारी सहाला ती एकोणिसाव्या मजल्यावरच्या औ यांच्या घरी पोचली. घर काडेपेटीएवढं. बैठकीच्या खोलीत टेबल भिंतीला लावून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. औ बाई, म्हणजे नवरीची आई, साठीची, सडपातळ, ताठ. एका ठिकाणी बसेल तर शपथ. नवरीचे बाप, औ, मिनीबस चालवून निवृत्त झालेले, दिसायला आजोबांसारखे, बायको सांगेल तिथे सरकत होते. स्वयंपाकघरात पाठमोरी एक बाई लाल खजूर आणि कमळबिया धूत होती. ती लान मावशी, औ बाईंची धाकटी बहीण. तिने वळून मान हलवली आणि पुन्हा धुवायला लागली.

आतल्या खोलीत युक-पिंग नवरीच्या, हेय-तुंगच्या, सोनेरी जरीच्या लाल झग्याची बटणं लावत होती. एकोणतीस वर्षांची पोर, शाळेत शिकवणारी, शांत. चौथं बटण लावताना ती म्हणाली, "पिंगताई, मला लान मावशीला चहा द्यायचाय."

"मग देणारच की. यादीत आहे ना. आत्यानंतर मावशी."

"तसा नाही. गुडघे टेकून."

युक-पिंगचे हात थांबले. गुडघे टेकून चहा आई-बापाला. आजी-आजोबा असतील तर त्यांना. मावशीला कोणी गुडघे टेकत नाही, हे हेय-तुंगलाही माहीत असणार. शिक्षिका आहे, अडाणी नाही.

हेय-तुंग आरशातून तिच्याकडे बघत होती. आवाज खाली आणून म्हणाली, "आईला मूल झालं नाही. मावशीला माझ्याआधी दोन होती, आणि तिचा नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. मी महिन्याची झाले, बारशाची लाल अंडी वाटली, आणि त्याच दिवशी या घरात आले."

"आईने सांगितलं?"

"कोणी नाही. मोठी आत्या एकदा बाबांशी भांडताना बोलली. मी दाराआड होते, अकरा वर्षांची. तिचं तोंड तुम्ही अजून ऐकलं नाहीत." ती जराशी हसली. "आणि माझ्या वाढदिवसाला मावशी मांस खात नाही. दरवर्षी. विचारलं की म्हणते, पोट बिघडलंय. एकोणतीस वर्षं नेमकं त्याच दिवशी पोट बिघडतं?"

युक-पिंगने अडलेलं बटण लावलं. आपल्याकडे पोराच्या वाढदिवसाला मांस सोडते ती आईच; तो तिच्या वेणांचा दिवस. मावशी कशाला सोडेल?

"तुला माहीत आहे हे आईला माहीत आहे?"

"तेच मला माहीत नाही," हेय-तुंग म्हणाली. "मला तिला 'आई' म्हणायचं नाहीये, पिंगताई. माझी आई एकच आहे, तिला दुखवायचं नाही. पण आज या घरातून जाताना मावशीपुढे उभी राहून चहा देऊ? पाहुण्यासारखा? मग मी जन्मभर झोपू शकणार नाही. पाक-हिनला सांगितलंय. तो म्हणाला, तू जिथे बसशील तिथे मी बसेन."

"बरं," युक-पिंग म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुकारायचं काय? 'मावशी' म्हणून गुडघे टेकवले तर आत्या विचारणार का. 'आई' म्हटलं तर औ बाई जागच्या जागी मोडणार. आणि काहीच केलं नाही तर ही पोर. चांगलीच कात्रीत सापडली बाई. आता भाजीचा गाळा असता तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

आठ वाजता मोठी आत्या आली. दारातूनच आवाज. "काय गं हे, खुर्च्या भिंतीला का चिकटवल्यात? पाठराखीण कुठली आणलीय? साम-गू नाही? स्वस्तातली का?" पुढे लिफ्टपासून पंख्यापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढून झाल्यावर तिने खुर्ची ओढली आणि नेमकी चहाच्या खुर्च्यांसमोर बसली.

युक-पिंग स्वयंपाकघरात शिरली. लान मावशी चहाच्या पातेल्यावर झुकली होती.

"मावशी, तुमचा नंबर आत्याबाईंनंतर हं. लांब जाऊ नका."

लान मावशीने हात पुसले. "मी नाही बसत. माझा जन्म घोड्याच्या वर्षातला. आज घोड्याला वर्ज्य दिवस आहे. मी समोर आले तर पोरीला बाधेल. मी इथूनच बघेन." आणि लगेच पातेलं ढवळायला लागली, जणू ते आत्ताच करपणार होतं.

युक-पिंगने आदल्या दिवशी पंचांग तोंडपाठ केलं होतं. वर्षांच्या बारा प्राण्यांपैकी आज वर्ज्य होतं डुकराला. घोड्याचा काही संबंध नव्हता. लान मावशी सरळसरळ थाप मारत होती, आणि तीही किती बिचारी थाप! 'खोटं बोलताय मावशी, आज डुकराला वर्ज्य आहे,' हे वाक्य युक-पिंगच्या दातांपर्यंत आलं. बावीस वर्षांची सवय. तिने ते दातातच धरलं. बघितलं तर मावशीचा चमचा पातेल्याला टकटक आपटत होता. हिला चहा नको नाहीये, युक-पिंगला कळलं. मावशी म्हणून चहा घेणं हिला झेपणार नाहीये. थाप आहे ती दार लावून घेण्यासाठी. आणि दार लावलेल्या माणसाला 'दार खोटं आहे' असं सांगून काय होतं? त्याला खिडकी दाखवावी लागते.

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, मावशी. मी विसरलेच होते. पण घोड्याची बाधा ड्रॅगनच्या प्रहरापुरती, सात ते नऊ. नऊला तो संपतो. नऊनंतर थोडा वेळ घोड्याला उलट फार चांगला. तेव्हाच उरकून घेऊ. फक्त उशीर करून चालणार नाही, आई-बाबांचं झालं की लगेच तुम्ही."

असं पंचांगात कुठेही लिहिलेलं नाही. लान मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "नक्की?"

"पाठराखिणीला विचारताय?"

मावशीचा चमचा थांबला.

नवरदेव साडेआठला आला. दारातले खेळ झाले, मैत्रिणींनी त्याच्याकडून गाणं म्हणवून घेतलं, उठाबशा काढून घेतल्या, कारल्याचा रस पाजला. तो बिचारा हसत हसत आत आला तेव्हा सव्वानऊ झाले होते. युक-पिंगने उशा घातल्या. औ बाई आणि औ खुर्च्यांत बसले. हेय-तुंग आणि पाक-हिनने गुडघे टेकले.

"बाबा, चहा घ्या!" युक-पिंगने पुकारलं. "आई, चहा घ्या!"

बापाने चहा घेतला आणि डोळे पुसले. आईने चहा घेतला आणि डोळे पुसले नाहीत. पोरीची कॉलर सरळ केली. शुभ बोल झाले. गळ्यात सोनं आलं. सगळं रीतसर.

"आता लान मावशी!" युक-पिंग म्हणाली. "या, लवकर या."

"अगं ए," आत्या उठलीच. "मी मोठी आहे ना? माझ्याआधी मावशी कशी?"

"आत्याबाई, मावशींचं वर्ष घोड्याचं. त्यांना आत्ता एवढीच वेळ चांगली आहे."

"घोड्याचं? कॅलेंडरवर तर आज डुकराला वर्ज्य लिहिलंय. मी सकाळी वाचलं."

"कॅलेंडरवर दिवसाचं असतं, आत्याबाई. प्रहराचं नसतं. ते शिकावं लागतं." युक-पिंगने हे इतक्या ठामपणे सांगितलं, की आत्याने आवंढा गिळला आणि बसली.

औ उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची रिकामी करून दिली. लान मावशी हात झग्याला पुसत आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली, उठून पळायला सोपं जावं अशी. उशा जमिनीवर तशाच होत्या. युक-पिंगचा बेत एवढाच होता: विसरायचं. उशा उचलायला विसरायचं आणि पोरांना बसू द्यायचं.

पण आत्याचं लक्ष उशांवरच. "आणि उशा? उशा उचला की! शिकून आलीय म्हणे. मावशीला कोण गुडघे टेकतं? ती काय तिची—"

युक-पिंगच्या डोळ्यांपुढे त्वेन मून उभं राहिलं, तो न प्यालेला चहा, तो फ्रिजचा आवाज. तिचा धीर सुटला. ती वाकली, हात पुढे केला, आणि उशी धरून ओढली.

उशी आली नाही.

युक-पिंगने पाहिलं. उशीच्या कडेवर औ बाईंचा पाय होता. घरातली काळी सपात, टाच घट्ट रोवलेली. औ बाई खुर्चीतून उठल्याच नव्हत्या. त्या भलतीकडेच, खिडकीकडे बघत होत्या, आणि त्यांचा आवाज अगदी रोजचा होता.

"चहा फार गोड झालाय," त्या म्हणाल्या. "वन्सं, तुम्हाला साखर वर्ज्य आहे, तुम्ही नंतर बघा. लान, तू चाखून बघ बरं. तूच केलायस ना? मी इथेच बसते बाई, माझे गुडघे धरलेत."

पाय हलला नाही.

युक-पिंगने उशी सोडली. तेव्हा तिला साम-गूचा तो दुसरा शब्द कळला. या घरात एकोणतीस वर्षं कोणी आतडी रंगवली नव्हती, पण बाहुलंही रंगवलं नव्हतं. कागद कोराच ठेवला होता, आणि कोऱ्या कागदाला सगळे अब्रू म्हणत होते. औ बाईंनी आज एका टाचेने बाहुलं रंगवून टाकलं. आता बोलायचं ते युक-पिंगने, आणि रेघ पुढे जाता कामा नये.

हेय-तुंगने गुडघे टेकले. शेजारी पाक-हिन. समोर दोन बहिणी, दोन खुर्च्या.

शुभ बोल युक-पिंगच्या ओठांवर तयार होता. अगदी चपखल. पाणी पिणाऱ्याने झरा विसरू नये. हा बोल ती म्हणाली असती तर खोलीतला प्रत्येक माणूस रडला असता, आणि तिची वाहवा झाली असती. आणि औ बाईंनी टाचेखाली एवढं जपून धरलेलं सगळं चव्हाट्यावर आलं असतं. तिने तो गिळला. फार जड गेला.

"थोरल्यांनो, चहा घ्या," ती म्हणाली. नातं नाही, नाव नाही. "गोड चहा, गोड दिवस."

"चहा घ्या," हेय-तुंग म्हणाली. पुढे तिला बोलवेना. दोन्ही हातांनी कप पुढे धरला. लान मावशीने तो घेतला.

चहाला पाहुणे ओठ लावतात आणि कप परत करतात. तेवढंच असतं. लान मावशी सगळा चहा प्याली. मग कपाच्या तळाचा खजूर खाल्ला. मग कमळबिया एकेक करून खाल्ल्या, सावकाश, खाली मान घालून, जसं एखादं भुकेलं माणूस खातं. कप कोरडा होईपर्यंत कोणी हललं नाही. रिकामा कप ताटलीत ठेवून तिने हेय-तुंगच्या गालाला हात लावला, आणि कागदात गुंडाळलेली एक बारीक बांगडी तिच्या हातात चढवली. औ बाईंनी ती बांगडी बघितली, पोरीचा हात धरून जरा मागे सरकवली, म्हणाल्या, "छान बसते."

"हे बरं आहे!" आत्या फुसफुसली. "मावशीला गुडघे, आणि मला काय, हात हलवून रामराम?"

युक-पिंगला एकदम सुचलं. "छे हो, आत्याबाई! तुम्हाला उभ्याने? आज उशा उचलायच्याच नाहीत. नवीन जोडप्याने जितके गुडघे टेकावेत तितकं चांगलं. या, बसा."

"असं होय?" आत्या फुलली. आयुष्यात तिला कोणी गुडघे टेकले नव्हते. ती इतकी ऐसपैस बसली की खुर्ची करकरली. त्यानंतर दोन काका, एक काकू, शेजारची म्हातारी, सगळ्यांना गुडघे. पाक-हिन सातव्या वेळी उठताना भिंतीला धरून उठला आणि कुजबुजला, "पिंगताई, अजून कोणी राहिलंय का? लिफ्टवाला?" पण त्या सगळ्या गुडघ्यांत तो एक गुडघा मिसळून गेला, आणि तो कोणता होता, हे ज्यांना कळायचं त्यांनाच कळलं.

निघताना युक-पिंगने लाल छत्री उघडली, तांदूळ उडवले. रीतीप्रमाणे आई खाली येत नाही. दोघी बहिणी दारातच थांबल्या. लिफ्टची दारं मिटत असताना औ बाईंचा आवाज आला. "लान, चल, आत भाजलेलं डुक्कर आलंय. आज तरी खा गं. दरवर्षी पोट बिघडवून घेतेस, आज बिघडवू नकोस."

म्हणजे ते पोट का बिघडतं, हे यांना ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं. लिफ्टमध्ये हेय-तुंगने युक-पिंगचा हात असा धरला की अंगठी रुतली. पाक-हिन गुडघे चोळत वर आकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी युक-पिंग सामान परत करायला गेली. साम-गूचा पाय अजून स्टुलावरच होता.

"तुझ्या त्या आत्याबाईंचा फोन आला होता," साम-गू म्हणाली. "स्तुती, नुसती स्तुती. म्हणाल्या, मलाही गुडघे टेकवले. अगं, आत्याला गुडघे? आपल्यात कुठे आहे ही रीत?"

"नाही खरी."

"आणि घोड्याला चांगला प्रहर, हा काय प्रकार आहे? चाळीस वर्षांत मी ऐकला नाही."

साम-गूने पिशवीतली उशी काढून उन्हात धरली. लाल साटिनच्या कडेवर टाचेचा करडा ठसा उमटला होता, स्पष्ट, अर्धगोल.

"हे काय आता? उशीवर पाय कोणी दिला?"

युक-पिंगने तोंड उघडलं. सगळं तोंडाशी होतं: लाल अंडी, दरवर्षीचं बिघडलेलं पोट, कमळबिया, ती टाच. सांगितलं असतं तर साम-गूने पाठ थोपटली असती. सांगायची तिला इतकी इच्छा झाली की डोळ्यांत पाणी आलं. पण ते सगळं तिचं नव्हतं.

"उशा उचलायला विसरले," ती म्हणाली. "घर लहान होतं, साम-गू. माणसं फार होती."

साम-गूने तिच्याकडे पाहिलं. मग ठशाकडे पाहिलं. ठसा ओझरता नव्हता, खोल रुतलेला होता. चुकून पडलेला पाय आणि ठेवलेला पाय यांतला फरक चाळीस वर्षांच्या पाठराखिणीला कळत असावा.

"ब्रशने निघेल," ती म्हणाली.

"निघेल. पण राहू दे."

"राहू दे," साम-गू म्हणाली. उशी घडी घालून तिने पिशवीत ठेवली आणि पिशवी युक-पिंगकडेच सरकवली. "पुढच्या महिन्यात साय कुंगला लग्न आहे. तोवर माझा पाय बरा होईल. तरी तूच जा."